अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवणारा वकील व्हायचं असेल तर वाट कशी असते?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात, अपघातग्रस्तांचे दावे चालवायचेत, पण 'त्यात नुसती आकडेमोड असते' असं कोणीतरी सांगितलंय. मी एकोणीस वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जखमींच्या बाजूने उभी राहतेय. आकडेमोड आहेच. पण तो आकडा येतो कुठून, ते सांगते.

वाट इतर वकिलांसारखीच: पदवी, बार कौन्सिलची सनद, ऑल इंडिया बार परीक्षा, मग सीनिअरकडे ज्युनिअरशिप. पहिली तीन वर्षं मी तारखा घेतल्या, एफआयआर-पंचनाम्याच्या नकला काढल्या, हॉस्पिटलची बिलं तारीखवार लावली. हातात पैसे फार येत नव्हते. पण बिलं लावतानाच कळायला लागलं, की दुसरं ऑपरेशन कितव्या दिवशी झालं, फिजिओथेरपी मध्येच का थांबली. बहुतेक वेळा पैसे संपले म्हणून.

तेव्हा एक सुतार आमचे अशील होते, वय ३४. ट्रकच्या धडकेत उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. अपंगत्वाचा दाखला ३० टक्क्यांचा. मी तोच आकडा धरून हिशेब मांडला. सीनिअरनी कागद बाजूला सारले. "त्यांना काम करताना बघितलंस?"

मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी करवत उचलली, उरलेल्या तीन बोटांत आवळून धरली आणि फळीवर चालवली. दुसऱ्याच फटक्याला मूठ फिरली, पातं आडवं झालं. "ताई, खिळासुद्धा धरता येत नाही," एवढंच म्हणाले.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय: शरीराचं अपंगत्व किती हा एक प्रश्न, त्यामुळे कमाई किती बुडाली हा दुसरा. हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ सगळी बुडू शकते, कारकुनाची नोकरी टिकू शकते, असं उदाहरणही त्यात आहे. मग आम्ही डॉक्टरांना साक्षीला बोलावलं, करवतीबद्दल विचारलं. न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान ७५ टक्के धरलं. महिना १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात; ३४ व्या वर्षी तो १६, एकूण २३,०४,०००. त्याचे ३० टक्के ६,९१,२०० होतात, ७५ टक्के १७,२८,०००. मधले दहा लाख त्या एका भेटीतून आले असं मी आजही मानते.

फीबद्दल स्पष्ट सांगते. मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. जखमी माणूस त्या वेळी कशालाही हो म्हणतो, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो. आणि कायद्यात आता दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा अशील अजून खाटेवर असतानाच कागद गोळा करायला लागा.

निकालानंतरही आम्ही त्या सुतारांबरोबर बँकेत गेलो. भरपाईतली काही रक्कम मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होता. फॉर्मवर त्यांनी डाव्या हाताने सही केली, सावकाश, आणि ती जुळत नाही म्हणून बँकेने परत मागितली. ते अर्ज, ते हेलपाटे आम्हीच घातले. त्याची फी वेगळी घेतली नाही.