पहिल्यांदा नागपूर बघायला जातोयस तर एका दिवसात दोनच ठिकाणं धर

भाऊ, पाच-सहा ठिकाणं एका दिवसात कोंबून राहिला नं तू, तसं नको करू. सकाळी मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियमला जा, तिथली इंजिनं घाईत पाहायची नाहीत, रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिमी, म्हणून सातपुड्याच्या वळणांवर ही गाडी चालायची, चाकं-रॉड वाकून नीट बघ, मुलांनाही दाखव. मग गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र. एम्प्रेस ही कापडाची मिल मात्र आता शोधावी लागते, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली, तिथे आता मॉल आहे, मला तर अजूनही वाईट वाटतं. जायच्या आधी सुट्टीचा वार फोन करून विचार आणि मे महिन्यात तर अजिबात निघू नको, ऊन सोसवत नाही.