भोपळा कोणी कोरला?

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा मिळाली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, कारण फोनवर वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही आणि समासात पेन्सिलीनं खरडल्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही. काल रात्री एका बैठकीत संपवली. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल म्हाताऱ्याला काहीच आवडलं नाही.

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’मधल्या म्हातारीची पूर्वकथा! फोनवर तू ही कल्पना सांगितलीस तेव्हा मी हसलो होतो. वाचताना हसू मावळलं, कारण म्हातारीचं तरुणपण तू खरंच पाहिलं आहेस. पण बाराव्या पानावर मांत्रिक येऊन भोपळ्याचं बी देतो. पंधराव्या पानावर वाघाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते. सोळाव्यावर कळतं की म्हातारीची काठी तिच्या मेलेल्या नवऱ्याची. तिथे माझी पेन्सिल अडली. तू गोष्टीतल्या एकेका वस्तूचा जन्मदाखला काढायला बसली आहेस. काठीचा दाखला, वाघाचा दाखला, भोपळ्याचा दाखला. हे काम ग्रामपंचायतीचं.

यात तू एकटी नाहीस. कोट्यवधी डॉलर हाताशी असलेली माणसं हेच करतात. २०१५ साली ‘पॅन’ नावाचा सिनेमा आला, दिग्दर्शक जो राइट. पीटर पॅन, म्हणजे कधीच मोठा न होणारा तो मुलगा, पीटर पॅन कसा झाला, याची कथा. जमलं तर बघ, चुका शिकण्यासाठी उत्तम आहे. त्यात पीटर अनाथाश्रमात वाढतो, आकाशातून गलबत येऊन मुलांना उचलून नेतं, नेव्हरलँड या जादूच्या बेटावर ब्लॅकबिअर्ड नावाचा समुद्री चाचा मुलांना खाणीत जुंपतो आणि शेवटी कळतं की पीटर हा भविष्यवाणीतला मुलगा, परीराज्याच्या रक्ताचा. मूळ कथेत पीटरचा वैरी असलेल्या, एका हाताच्या जागी आकडा असलेल्या कॅप्टन हूकला इथे अजून दोन्ही हात आहेत आणि तो पीटरचा दोस्त आहे. सिनेमा संपतो तेव्हाही दोस्तच असतो! म्हणजे ज्या वैरासाठी आपण तिकीट काढलं त्या वैरापर्यंत गाडी पोचतच नाही. आणखी एक गंमत बघ. जेम्स बॅरीचं पीटर पॅनचं मूळ नाटक लंडनच्या रंगमंचावर आलं १९०४ च्या डिसेंबरात. हा सिनेमा घडतो दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत असताना. पूर्वकथा मूळ कथेच्या जवळपास चाळीस वर्षं नंतर!

तरी ब्लॅकबिअर्ड त्यांनी हवेतून काढलेला नाही, हे मान्य करायला हवं. बॅरीनं हूकबद्दल सांगताना तो एकेकाळी ब्लॅकबिअर्डच्या जहाजावर होता असा जाता जाता उल्लेख केला आहे. मूळ पुस्तकात सांडलेला एवढासा कण उचलून त्यावर गोष्ट उभी करणं, ही वाचणाऱ्या माणसाची खूण आहे. फक्त कण उचलला आणि घास भलत्याच्याच तोंडात गेला.

आता मुद्द्यावर येतो. पीटरची पूर्वकथा खुद्द बॅरीनंच लिहून ठेवली आहे. पीटर पहिल्यांदा भेटतो १९०२ च्या एका मोठ्यांसाठीच्या पुस्तकात. त्यातली ती प्रकरणं १९०६ मध्ये वेगळी छापली गेली. पीटर तिथे सात दिवसांचा आहे. खिडकीतून उडून केन्सिंग्टन बागेत जातो. एकदा परत येतो, खिडकी उघडी असते, आई झोपलेली असते. पण त्याला बागेचा एकदा नीट निरोप घ्यायचा असतो, म्हणून तो पुन्हा जातो आणि तिकडेच रमतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा खिडकीला गज लागलेले असतात आणि आईच्या कुशीत दुसरं बाळ असतं. बस्स. भविष्यवाणी नाही, राजरक्त नाही. ‘पॅन’वाल्यांनी जगानं निवडलेला मुलगा दाखवला. बॅरीनं लिहिला होता तो घरातून वगळला गेलेला.

बॅरी सहा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर स्केटिंग करताना झालेल्या अपघातात वारला, चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. आई त्या दुःखातून कधी पुरती सावरली नाही, आणि तिच्या मनात तो मुलगा कायम तेवढाच राहिला. ‘कम अवे’ हा २०२० चा सिनेमा, ब्रेंडा चॅपमनचा, पीटर आणि ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधली अ‍ॅलिस यांना सख्खी भावंडं करतो आणि त्यांच्या थोरल्या भावाला मारतो. त्या भावाचं नाव डेव्हिडच आहे. हेतू चांगला होता. पण एका घरात दोन अजरामर गोष्टी कोंबल्या की दोघींनाही कड फिरवायला जागा राहत नाही.

तर बॅरीची ती खिडकी. १९११ च्या कादंबरीत ती पुन्हा येते, आणि कशी येते ते लक्ष देऊन बघ. तिथे ती लेखक सांगत नाही, पीटर सांगतो. नेव्हरलँडमधल्या जमिनीखालच्या घरात वेंडी, पीटरनं लंडनहून आणलेली मुलगी, मुलांना गोष्ट सांगत असते की आईबाप खिडकी कायम उघडी ठेवतात, मुलांनी कितीही उशिरा यावं. पीटरला ते सहन होत नाही. तो म्हणतो, मलाही असंच वाटलं होतं, पण खिडकी बंद होती आणि माझ्या बिछान्यात दुसरा मुलगा झोपला होता. त्यावर बॅरी हळूच म्हणतो की हे खरं होतं की नाही याची मला खात्री नाही, पण पीटरला ते खरं वाटत होतं. आणि ते ऐकून मुलं घाबरतात, वेंडी त्याच घटकेला घरी निघते. पीटरनं स्वतःच्या दुःखाची गोष्ट सांगितली आणि तिच्यापायी वेंडी त्याच्या हातातून गेली.

उगमाची गोष्ट कोणीतरी, कोणाला तरी, काहीतरी साधायला सांगत असतं. ती कोण सांगतंय हे तुझ्या एकवीस पानांत मला कुठेच सापडलं नाही. तुझा कॅमेरा सगळं जाणतो, म्हणून त्याला काहीच पणाला लावावं लागत नाही.

हे आपल्याला नवं आहे का गं? आपलं सगळं पुराणवाङ्मय पूर्वकथांनी भरलेलं आहे. कोणी राक्षस दिसला की मागे एक शाप, त्याच्या मागे एक पूर्वजन्म. पण रावणाचा पूर्वेतिहास रामायणात कुठे येतो? उत्तरकांडात. युद्ध संपलं, राज्याभिषेक झाला, आणि मग अगस्त्य ऋषी अयोध्येत येऊन रामाला रावणाच्या कुळाची, तपाची, वरांची हकीकत सांगतात. ऐकणारा कोण, तर ज्यानं त्याला मारलं तो! हीच हकीकत पहिल्या कांडात आली असती तर ती नुसती माहिती झाली असती. माझ्या लहानपणी देवळात कीर्तनकारबुवा या जागी येऊन चिपळ्या खाली ठेवायचे. तेव्हा कळायचं नाही का ते.

आता ‘विकेड’ आठव, ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या दुष्ट चेटकिणीची पूर्वकथा. ग्रेगरी मॅग्वायरची कादंबरी १९९५ ची, संगीत नाटक २००३ चं, जॉन चूचा सिनेमा २०२४ चा. लोक त्याच्या यशाचं श्रेय गाण्यांना देतात, देऊ देत. मला त्याची सुरुवात महत्त्वाची वाटते. चेटकीण मेली आहे, गाव नाचतंय, ग्लिंडा नावाची चांगली चेटकीण बुडबुड्यातून खाली उतरते, आणि गर्दीतून कोणीतरी विचारतं, तुमची तिच्याशी मैत्री होती म्हणे? त्यानंतर दिसतं ते सगळं या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि उत्तर देणारीचे हात स्वच्छ नाहीत. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या ऑझच्या मूळ पुस्तकात ही चेटकीण एकाक्ष आहे आणि हिरवी तर नाहीच. हिरवा रंग आला १९३९ च्या सिनेमातून. पुस्तकात तिला जागा फार थोडी, नावही नाही. मॅग्वायरनं बॉमच्या आद्याक्षरांवरून तिला एल्फाबा केलं. मूळ लेखकानं जिथे रिकामं सोडलं तिथे तो शिरला. जिथे भरलेलं होतं तिथे गर्दी केली नाही.

‘वोंका’ तुला आवडला होता, मला माहीत आहे. मलाही आवडला, दोनदा पाहिला. पॉल किंगचा हात हलका आहे. रोआल्ड डालच्या १९६४ च्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या पुस्तकात वोंकाच्या पाककृती चोरायला हेर धाडणारे तीन चॉकलेटवाले आहेत, नावापुरते. २०२३ च्या सिनेमानं त्या तिघांनाच खलनायक केलं. पुन्हा तेच, सांडलेला कण. पण पुस्तकातला वोंका आठवतो का? कारखान्याचं फाटक लावून घेऊन बसलेला, पोरांचे हाल थंडपणे बघणारा, थोडा भीतिदायक. सिनेमातलं हे गोड पोरगं आईच्या आठवणीनं चॉकलेट वाटत फिरतं. या दोघांच्या मधली वाट कुठे आहे? सिनेमा ती वाट चालत नाही. छान सिनेमा आहे, पण तो दुसऱ्याच कोणा वोंकाचा आहे.

जन्मदाखल्यांवर एवढं बोललो, पण प्रामाणिकपणे एक अपवाद सांगायला हवा. सी. एस. लुइसनं १९५० मध्ये नार्निया या जादूच्या देशाचं पहिलं पुस्तक काढलं, त्यात बर्फाळ रानात मधोमध एक रस्त्यावरचा दिवा उभा. का, तर काही नाही, उभा. १९५५ मध्ये त्यानं पूर्वकथा लिहिली आणि त्या दिव्याचा चक्क उगम दिला! लंडनच्या दिव्याच्या खांबाचा उपटलेला तुकडा चेटकीण सिंहाला फेकून मारते, तो नुकत्याच जन्मलेल्या मातीत पडतो आणि रुजतो. हे खपतं, कारण त्या मातीत त्या दिवशी काहीही रुजत असतं. आणि खरं म्हणजे ते पुस्तक दिव्याचं नाहीच. ते आजारी आईसाठी औषधी फळ आणायला गेलेल्या मुलाचं आहे. लुइसची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुस्तकातल्या मुलाची आई बरी होते.

हक्कांचं तू विचारलं होतंस, ते थोडक्यात. तुझी म्हातारी लोककथेतली, तिला मालक नाही. पण कोणा कवीनं तिच्यावर केलेलं गाणं, कोणी काढलेलं चित्र, याला मालक असू शकतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतात. ऑझच्या बुटांचं उदाहरण लक्षात ठेव. बॉमच्या पुस्तकात डॉरथीचे बूट चांदीचे. १९३९ च्या सिनेमात रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून ते माणकांचे लाल झाले. पुस्तक आता सगळ्यांचं आहे, पण ते लाल बूट त्या सिनेमाचे. म्हणून २०१३ मध्ये दुसऱ्या स्टुडिओनं ऑझच्या जादूगाराची पूर्वकथा काढली तेव्हा त्यांना लाल बूट वापरता आले नाहीत. पीटर पॅनचे हक्क बॅरीनं १९२९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले, आणि ब्रिटनमध्ये त्या रुग्णालयाला आजही रॉयल्टी मिळते. असाही लेखक असतो.

माझीही एक फजिती सांगतो. बालनाट्याच्या दिवसांत एका निर्मात्यानं आग्रह धरला, राक्षसाला बालपण द्या, प्रेक्षकांना सहानुभूती वाटली पाहिजे. दिलं. राक्षसाला लहानपणी कोणी खेळायला घेत नव्हतं, असा दहा मिनिटांचा प्रवेश. पहिल्याच प्रयोगात राजपुत्रानं तलवार उपसली आणि तिसऱ्या रांगेतून एक पोर ओरडलं, “मग त्याला मारता कशाला?” राजपुत्राचं काम करणारा मुलगा थांबला आणि विंगेत माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या प्रयोगाला तो प्रवेश काढला. आता वाटतं, काढायला नको होता. त्या पोराचा प्रश्न नाटकात घ्यायला हवा होता.

तुझ्याकडे परत येतो. वाघाचं सोड, तो भुकेला आहे एवढं पुरे. मांत्रिक काढून टाक. काठीचं पान काढू नकोस, का ते मला नीट सांगता येत नाही, पण ठेव.

मला त्या गोष्टीत एकच गोष्ट लहानपणापासून खटकते. म्हातारी लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते. वाटेत वाघ बसला आहे हे तिला माहीत आहे. लेकीलाही माहीत आहे. मग ती परत का जाते? तिकडेच का राहत नाही? कारण लेकीच्या घरी राहायचं नसतं. माझी आजी माझ्या आत्याकडे गेली तर चहा प्यायची आणि बशीखाली पैसे ठेवायची. आत्या ते पैसे उचलताना कोणाकडे बघायची नाही. मुक्काम तर नाहीच, एसटी चुकली तरी नाही. तुझ्या गोष्टीतली गज लागलेली खिडकी ही आहे, आणि ती तू एकवीस पानांत उघडूनसुद्धा पाहिली नाहीस.

आईला ठेवून घेता येत नाही म्हणून लेक भोपळा कोरते. रात्री, सासरच्या स्वयंपाकघरात, सगळे झोपल्यावर. आणि ही गोष्ट कोण सांगतंय, तर तीच लेक, आता स्वतः म्हातारी झालेली, नातीनं विचारलं म्हणून: पणजी परत का गेली? ती काय उत्तर देते ते तू ठरव. ते अगदी खरंच असलं पाहिजे असं नाही.

तेवढं एकच दृश्य लिहून पाठव, चार-पाच पानं. त्याआधी मंडईतून एक मोठा लाल भोपळा आण आणि कोरून बघ. माणूस मावेल एवढा मिळणार नाही, मिळेल तेवढा चालेल. विळीवर जमत नाही, चांगला धारदार सुरा लागतो, आणि आतल्या बिया हातानंच काढाव्या लागतात. किती वेळ लागला ते घड्याळात बघून ठेव.

तुझा,
काका