आजोबांची जपानी तलवार आणि मुलाचं स्टेटस

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. माझे आजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर पलटणीबरोबर ते जपानला गेले आणि १९४७ साली परत आले. गेल्या महिन्यात जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक जपानी तलवार सापडली. माझ्या बावीस वर्षांच्या मुलाने ती म्यानातून उपसून अंगणात फोटो काढला आणि व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. आता बीट अंमलदाराचा फोन आलाय, ‘तलवार घेऊन चौकीला या.’ पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, एक संग्राहक चार लाख देतोय, विकून टाकू. मुलींचा तसाही यात हक्क नसतो. दुसरा एक जण म्हणतो, ही चिनी नक्कल आहे. भाचा योकोहामाला नोकरीला आहे. तो म्हणतो, इकडे घेऊन ये, खरेपणाचं सर्टिफिकेट काढू. मुलावर केस होईल का? तलवारीचं काय करू?

उत्तर : ताई, आधी निकडीचं सांगतो. तलवार घेऊन चौकीला जाऊ नका. मुलाला तर ती पिशवीत गुंडाळून दुचाकीवरून मुळीच पाठवू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात. सण, मोर्चे, निवडणुका असल्या की ते एकामागून एक चालूच असतात. त्यात सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगून फिरायला बंदी असते आणि मोडणाऱ्यावर कलम १३५ लागतं. आज घरात असलेली वस्तू रस्त्यावर आली की तुम्ही स्वतःच पोलिसांना एक नवं कलम दिलंत असं होईल.

त्याऐवजी पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा. तलवार कुठे, कधी, कुणासमोर सापडली, आजोबा कोण होते, ती सध्या घरात कुलुपात आहे आणि पोलिसांना पाहायची असल्यास घरी येऊन पंचनामा करावा, एवढंच त्यात असू द्या. सोबत घर उतरवणाऱ्या गवंड्याचा किंवा मजुराचा सहीचा जबाब आणि आजोबांच्या पेन्शन बुकाची किंवा डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा. ठाण्यात अर्जावर आवक शिक्का मारून पोच घ्या. ‘पोच नंतर देतो’ म्हणाले तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

आता घरात तलवार ठेवणं गुन्हा आहे का? याचं उत्तर चौकीत एक मिळतं आणि कायद्याच्या पुस्तकात जरा वेगळं. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये बंदुकीला कलम ३ आहे आणि त्याखाली परवाना सगळीकडेच लागतो. तलवारीला आहे कलम ४. ज्या भागासाठी केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली आहे, त्या भागात आणि त्या प्रकारच्या शस्त्रालाच या कलमाने परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. जपानी लष्करी तलवारीचं पातं साधारण दोन फुटांचं असतं, तेव्हा ती या वर्गात बसते यात वाद नाही. वाद असतो तो अधिसूचनेचा. पेपरात रोज ‘आर्म्स ॲक्ट कलम ४, २५ प्रमाणे गुन्हा’ वाचतो आपण. पण त्या जागेसाठी अधिसूचना लागू होती हे खटल्यात सरकार पक्षाला दाखवावं लागतं. तुमच्या तालुक्यापुरतं ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. परवाना लागत असेल तर त्याच शाखेत पाचव्या वर्गासाठी अर्ज करा, वारसाने मिळालेली वस्तू म्हणून.

तुम्हाला कुणीतरी ‘जुनं हत्यार असलं की कायदा लागत नाही’ असंही सांगेल. हा समज कलम ४५ मधून आला आहे. तिथली सूट कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला असली, तरी वाक्याचा शेवट ‘बंदूक म्हणून वापरता येणार नाही’ अशा अटीवर होतो. तलवारीसाठी त्यावर विसंबू नका.

मुलाच्या बाबतीत घाबरून जाऊ नका, पण हलक्यातही घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात (१९७२) आणि पुढे संजय दत्त खटल्यात (१९९४) स्पष्ट केलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. माळ्यावर पन्नास-साठ वर्षं कुलपात पडलेल्या वस्तूबद्दल तुम्हाला जबाबदार धरता येत नाही. सापडल्याच्या दिवसापासून मात्र ती तुमच्या जाणिवेत आहे, म्हणून अर्ज लवकर गेला पाहिजे. चौकीतून दुसरा फोन येण्याआधी गेला तर फार बरं. फोटोचं म्हणाल तर मूळ फोटो पुसू नका. तो तुमच्याच अंगणात, कुंपणाच्या आत काढला आहे आणि समोर कुणी नाही, हे त्यात दिसतं. पुसलात तर लपवल्यासारखं दिसेल. आपल्याकडे तलवारीने केक कापणाऱ्या भाईंमुळे पोलीस अशा फोटोंवर डोळा ठेवून असतात, त्या रांगेत तुमचा मुलगा उगाच जाऊन उभा राहिलाय. चौकशीला बोलावायचं असेल तर पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची नोटीस देता येते. ती आली की त्याने ठरल्या दिवशी हजर राहावं, एकट्याने नाही, वकिलासह.

पोलीस घरी आले आणि तलवार जप्त केली, तर अडवू नका. नवीन संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे (कलम १०५), तेवढी आठवण नम्रपणे करून द्या. आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्या कोर्टात येणाऱ्या पंचनाम्यांत प्रत्येक तलवार सारखीच असते : ‘एक लोखंडी धारदार पात्याची तलवार, मूठ असलेली, जु. वा. किं. अं. ५०० रु.’ (म्हणजे जुनी वापरती, किंमत अंदाजे). तुमच्या पंचनाम्यात लांबी, मुठीवरची दोरी, पितळी फुलं, म्यानाचा रंग, असेल ती प्रत्येक खूण आली पाहिजे. नाहीतर वर्षाने मुद्देमाल कक्षातून कोणती तलवार परत मिळेल याची खात्री कोण देणार? गुन्हा दाखल झाला तरी वस्तू निकालापर्यंत तिथेच गंजत पडावी असं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सविस्तर पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन मुद्देमाल लवकर सोडावा. कायद्याने ठेवता येणारी वस्तू असल्याचं दाखवता आलं, तर दंडाधिकाऱ्यांकडे तसा अर्ज टाकता येतो.

आता तलवारीकडे. ती खरी आहे का, हा प्रश्न तुम्हाला किमतीचा वाटतोय. माझ्या दृष्टीने तो कायद्याचाही आहे, कारण पातं कसं आणि कधी घडलं यावर तुमचे निम्मे मार्ग उघडतात किंवा बंद होतात.

आजोबांची हकिगत तरी इतिहासाशी जुळते. १९४६-४७ मध्ये जपानमध्ये राष्ट्रकुल देशांची जी ताबा फौज होती, तिच्यातल्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठ्यांची पहिली पलटण होती. इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ती हीच पलटण. तेव्हा जपानी लोकांकडून तलवारी जमा करून घेणं चालू होतं आणि फौजेतल्या लोकांच्या हाती त्या सहज येत. बेळगावच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आजोबांचा नंबर आणि हुद्दा देऊन पत्र लिहा. त्यांच्या जपानमधल्या सेवेचा दाखला मिळाला, तर तो पोलिसांपुढे आणि खरेदीदारापुढे दोन्हीकडे उपयोगी पडेल. ट्रंकेतला एकही कागद फेकू नका. मुठीला बांधलेली कापडी किंवा लाकडी चिठ्ठी असेल, तर तिला हातही लावू नका. शरण आलेल्या अधिकाऱ्याचं नाव अशा चिठ्ठ्यांवर असतं.

तुम्ही लिहिलंय की मुठीवर दोरी गुंडाळली आहे, खाली खरखरीत पांढरं कातडं दिसतं, पितळी साजावर फुलं आहेत आणि पात्यावर आकडा नाही. कातडं पाकट माशाचं असणार, फुलं चेरीची. हा साज १९३४ नंतर जपानी भूदलाच्या अधिकाऱ्यांना ठरवून दिलेला आहे. हवालदार दर्जाच्या लोकांसाठी १९३५ ची यंत्रावर बनवलेली वेगळी तलवार होती. तिची मूठ धातूची ओतीव, वर गुंडाळीचा नुसता देखावा आणि पात्यावर ठोकलेला क्रमांक. चिनी नकला या दोन्हींच्या निघतात. धारेजवळची धुरकट लाट त्यांत ॲसिडने काढलेली असते, आकडे वेडेवाकडे असतात. तुमच्या तलवारीला आकडा नसणं हे नक्कल असल्याचं लक्षण नव्हे, अधिकाऱ्यांच्या तलवारीला तो क्रमांक नसायचाच.

पण साज १९४० च्या सुमाराचा म्हणून पातंही तेव्हाचंच असेल असं नाही. कित्येक अधिकाऱ्यांनी घराण्यातलं शेदोनशे वर्षांचं जुनं पातं लष्करी साजात बसवून घेतलं होतं. खरं उत्तर मुठीच्या आत, झाकलेल्या भागावर असतं. जपानी त्याला नाकागो म्हणतात. तिथे लोहाराचं नाव, कधी तारीख असते. ‘शोवा’ या तेव्हाच्या जपानी कालखंडाच्या नावातलं अक्षर कोरलेला छोटा शिक्का असला, तर पातं युद्धकाळात झटपट पद्धतीने बनलेलं. ताऱ्याचा शिक्का असला, तर लष्कराने मान्य केलेल्या लोहाराने पारंपरिक पद्धतीने घडवलेलं. मुठीच्या खुंटीसाठीची एकाहून अधिक भोकं असली, तर जुनं पातं पुन्हा बसवलेलं असण्याची शक्यता. त्या भागावरचा काळा गंज हाच वयाचा मोठा पुरावा, तो घासला की पुरावा गेला. म्हणून शिकलगाराकडे देऊ नका, ब्रासो लावू नका. खंडेनवमीला पूजा जरूर करा, हळदकुंकू म्यानावर वाहा, पात्यावर नको. मुठीतली बांबूची खुंटी काढून आत बघायचं काम जाणकारासमोरच करा आणि फोटो भाच्याला पाठवा. अक्षरं वाचून घ्यायला फोटो पुरतो.

तलवार मात्र त्याला पाठवू नका. जपानच्या १९५८ च्या शस्त्र कायद्याखाली तलवार ताब्यात ठेवायची तर प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे तिची नोंदणी लागते आणि नोंदणी होते ती कलावस्तू म्हणून मोल असलेल्या, पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्याचीच. युद्धकाळात यंत्रावर किंवा झटपट बनवलेली तलवार तिथे नोंदली जात नाही. म्हणजे ज्या देशात ती बनली तिथेच तिला ठेवता येत नाही. विमानतळावर ती अडली तर भाच्याच्या हातात सर्टिफिकेटऐवजी चौकशी येईल, आणि तो तिथे परका माणूस. तो म्हणतोय ती प्रमाणपत्रं टोकियोतली १९४८ साली स्थापन झालेली तलवार-जतन संस्था देते. तिथे जपानमधली तलवार न्यायची तर आधी ही नोंदणी लागते.

इकडची बाजूही सोपी नाही. देशाबाहेर शस्त्र न्यायला शस्त्र कायद्याचं कलम १० आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी त्यात सूट आहे, पण परीक्षेसाठी पाठवणं किंवा तिकडे विकणं त्यात बसवायला जाऊ नका. शिवाय पातं शंभर वर्षांहून जुनं निघालं, तर पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ आड येतो. त्यातल्या व्याख्येत वस्तू भारतातच घडलेली असावी अशी अट नाही. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही हा निर्णय कलम २४ नुसार पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो. चुलतभावाच्या संग्राहकाने ‘सामुराई काळातली आहे’ असं सांगून भाव चढवला असेल, तर तेच विधान उद्या निर्यातीच्या आड येईल.

चुलतभावाच्या हक्काच्या गोष्टीत दम नाही. आजोबांनी स्वतः मिळवलेली वस्तू, मृत्युपत्र नाही. मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्यांच्या मुलगे-मुलींना सारखा वाटा. तुमचे वडील, काका आणि आत्या असे तिघे होते असं तुम्ही लिहिलंय आणि आजी आधीच गेल्या होत्या. म्हणजे तीन शाखांना तिसरा-तिसरा भाग, आणि वडिलांच्या भागात तुम्ही व तुमची बहीण बरोबरीच्या. आत्याच्या मुलांना सगळे विसरलेत, त्यांची सहीही लागेल. एकाच्या सहीने झालेला व्यवहार बाकीचे उद्या कोर्टात नेऊ शकतात.

विकायचंच ठरलं तर कलम ५ पाहा. जिथे कलम ४ चा परवाना लागतो, तिथे असं शस्त्र विकण्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. हे ऐकून संग्राहक मागे सरला, तर गिऱ्हाईक कसलं होतं ते कळलंच. ‘कुरिअरने पाठवा’ म्हणाला तर तिथेच बोलणी थांबवा. कुरिअरमधून आलेल्या तलवारी पकडल्याच्या बातम्या २०२२ मध्ये पिंपरी आणि औरंगाबादहून आल्या होत्या, त्यानंतर या पार्सलांवर नजर आहे.

माझं मत विचाराल तर चौघांत भांडत बसण्यापेक्षा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या संग्रहालयाला विचारून पाहा. त्यांना हवी असली, तर सगळ्या वारसांच्या संमतीपत्रासह आणि ठाण्याला कळवून ती आजोबांच्या नावाने तिथे देता येईल. मात्र हा निर्णय पोलिसांचं प्रकरण निवळल्यावर करा, आत्ता दिलीत तर वस्तू हलवली असा अर्थ काढतील.

सोमवारी अर्ज द्या. पोच मिळाली की तिची झेरॉक्स, मुलाचा मूळ फोटो आणि तलवारीचे मूठ, म्यान, पातं असे वेगवेगळे फोटो मला पाठवा. आणि तोवर ट्रंकेची किल्ली मुलाकडे ठेवू नका.