तेल तळाशी कसं पोचलं?

प्रश्न : सर, तेल पाण्यावर तरंगतं ना? मग २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं तेव्हा तळाची प्रवाळं कशी मेली?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तरंगतं, पण सगळं नाही. 'डीपवॉटर होरायझन' हा तरंगता मंच खणत असलेली तेलविहीर समुद्रात सुमारे १५०० मीटर खोलीवर फुटली. तेल-वायू जोराने बाहेर पडताना तेलाचे अतिसूक्ष्म थेंब झाले, शिवाय तेल पांगवणारं रसायनही थेट विहिरीच्या तोंडाशीच सोडलं गेलं. (पृष्ठभाग स्वच्छ दिसला की टीव्हीवाले खूश!) असे थेंब वर येतच नाहीत. सुमारे ११०० मीटरवर त्यांचा ३५ किलोमीटरहून लांब पट्टा सापडला. काही तेल गाळाच्या कणांना चिकटून खाली बसलं.

विहिरीपासून ११ किलोमीटरवर प्रवाळं तपकिरी, चिकट थराखाली दिसली. आता खरी मेख : त्या आखातात तेल नैसर्गिकरीत्याही झिरपतं, मग दोष कोणाचा? थरातल्या होपेन नावाच्या टिकाऊ रेणूंचं प्रमाण त्याच विहिरीच्या तेलाशी जुळवून पाहिलं गेलं, आणि ते जुळलं. मला हे काम पोलिसी तपासाहून सरस वाटतं. पुढे त्याच प्रवाळांचे वर्षानुवर्षं फोटो काढले. कमी माखलेली बरीच सावरली, जास्त माखलेल्यांच्या फांद्यांवर हायड्रॉइड (मेलेल्या फांद्यांवर वस्ती करणारे छोटे जीव) वाढले.