किडनी बदललेल्या माणसानं वावरात जावं का?

दादा, वडिलांची किडनी बदलून सात वर्षं झाली आणि मोबाइलवर 'त्वचेच्या कॅन्सरचा धोका शंभरपट' वाचून तुम्ही विचारलं की वावर बंद करू का, गोळ्या कमी करू का. गोळ्यांचं आधी सांगतो. एकही कमी करू नका. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मनानं सोडली की शरीर किडनी नाकारू शकतं, मग पुन्हा डायलिसिस.

शंभरपटीचा आकडा खोटा नाही, पण तो गोऱ्या कातडीच्या देशांतला. आपल्या सावळ्या कातडीत हा कॅन्सर बराच कमी दिसतो. आपल्या पेशंटना नायटा, शिबं, नागीण, चामखिळी यांचाच ताप जास्त. तरी धोका शून्य नाही, कारण या गोळ्यांनी बिघडलेल्या पेशी टिपणारी राखणच ढिली पडते. याच कामाची जुनी गोळी अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर उन्हाला आणखी जपा.

आपण नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, जपतो ते झळेच्या भीतीनं. कातडी बिघडते ती अतिनील किरणांनी, आणि ते दिवाळीनंतरच्या कापूस वेचणीत, गार वारा असतानाही पडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कान-मान झाकणारा दुपट्टा, भर दुपारी सावली. एवढं पाळलं तर वावर सोडायची गरज नाही. (फवारणीचा पंप मात्र दुसऱ्याच्या पाठीवर द्या, तो वेगळा विषय.)

खरी नजर ठेवायची झाकल्या जागांवर. सावळ्या कातडीत हा कॅन्सर उन्हात न येणाऱ्या जागीही निघतो, जननेंद्रियावर, गुदद्वाराशी. तिथल्या चामखिळी एचपीव्ही विषाणूच्या असतात आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असली की काही पुढे कॅन्सरकडे जातात. आपले बाप लाजेपोटी हे घरात बोलत नाहीत, तुम्हीच विषय काढा. प्रत्यारोपणानंतर ओठाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. त्यात खर्रा (तंबाखू-सुपारी) चालू असेल तर तो आधी बंद करा, सनस्क्रीनचं नंतर पाहू.

महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी सगळं अंग पाहायचं, पाठ आईनं पाहावी. महिनाभरात न भरणारी जखम, भराभर वाढणारी खरबरीत गाठ, रक्त येणारा मस, भाजल्याच्या जुन्या व्रणावर फुटलेली जखम यावर गावातलं मलम चोळत बसू नका. सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलच्या त्वचा ओपीडीत प्रत्यारोपणाची फाइल घेऊन जा आणि त्या जागेचा तुकडा काढून तपासायचा का, ते विचारा. कॅन्सर निघालाच तर गोळी बदलून सिरोलिमस हे दुसरं औषध द्यायचं का, हे नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) ठरवतील. ते औषध सगळ्यांना झेपत नाही, कुणाच्या पायांना सूज येते, कुणाच्या लघवीतून प्रथिनं जातात.