रसाचं गणित आधी वहीत

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

वितळलेल्या सिलिकॉनमधून, म्हणजे रसातून, स्फटिक ओढणाऱ्या चोक्राल्स्की भट्टीचं गणित तू कॉम्प्युटरवर केलंस, त्याची पाठवलेली चित्रं पाहिली. मुशीतल्या सिलिकॉनच्या रसाचे भोवरे, तापमानाचे रंगीत पट्टे, फार देखणं काम झालंय. पण स्फटिक ओढण्याचा वेग आणि त्यातून बाहेर पडणारी उष्णता यांचा मेळ तू कुठेच घातलेला नाहीस. तेवढ्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, वही पुरते.

तुझा स्फटिक 200 मिमी व्यासाचा. मिनिटाला 1 मिमी ओढलास, तर सेकंदाला साधारण 1.2 ग्रॅम रस गोठतो. किलोमागे 1.8 मेगाज्यूल अप्रकट उष्मा, म्हणजे रस गोठताना सुटणारी उष्णता, धर. रस आणि स्फटिक यांच्या सीमेवर सव्वादोन किलोवॅटच्या आसपास उष्णता सुटते आणि ती स्फटिकातूनच वर जायला हवी. 1414 अंश सेल्सिअसला, म्हणजे सिलिकॉन वितळतं त्या तापमानाला, घन सिलिकॉनची वाहकता दर मीटर, दर अंश सुमारे 22 वॅट. म्हणजे नुसत्या या उष्म्यासाठी तापमानाचा सेंटीमीटरला 32 अंशांचा उतार लागतो. रसाकडून येणारी उष्णता त्यावर आणखी. तुझा उतार याहून कमी निघाला, तर पुढे जाऊ नकोस, चूक शोध. वेग आणि उतार यांच्या गुणोत्तरावर स्फटिकात अणूंच्या रिक्त जागा उरतात की जास्तीचे अणू अडकतात हे ठरतं. शास्त्रज्ञ व्होरोन्कोव्ह यांनी 1982 मध्ये मांडलेला हा निकष आजही कामी येतो.

तुझ्या वयाचा असताना मी घन आणि द्रव सिलिकॉनला एकच उत्सर्जकता, म्हणजे प्रारणाने उष्णता सोडण्याची क्षमता, दिली होती. खरं तर घन सिलिकॉन दुपटीहून जास्त प्रारण सोडतं. हीटरची पॉवर जुळली आणि मी निर्धास्त झालो. मग स्फटिक उभा कापून त्याला आम्ल लावलं. आतल्या रेघांमध्ये सीमा मधोमध वर उचललेली दिसली. माझ्या उत्तरात ती जवळजवळ सपाट होती. ती कापलेली चकती मी कित्येक वर्षं टेबलावर ठेवली होती.

आता जाळीबद्दल, म्हणजे गणितासाठी रसाचे जे छोटे कप्पे पाडतोस त्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. या रसात उष्णता संवेगापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते, म्हणून मोठ्या कप्प्यांच्या जाळीवरही तापमान बरं येतं. ऑक्सिजनचं तसं नाही. तो क्वार्ट्झच्या मुशीतून रसात विरघळतो, प्रवाहाबरोबर वाहतो आणि मोकळ्या पृष्ठभागावरून सिलिकॉन मोनॉक्साइड होऊन उडून जातो. त्याचं विसरण संवेगापेक्षाही मंद, त्यामुळे भिंतीलगतचा त्याचा थर अतिशय पातळ असतो. तापमानासाठी चालणारी जाळी इथे खोटं उत्तर देते, आणि ते खोटं आहे हे चित्रात दिसत नाही. भिंतीपाशी कप्पे निम्मे करून पुन्हा चालव. ऑक्सिजनचा आकडा हलला, तर अजून निम्मे कर.

शिवाय एवढ्या मोठ्या मुशीतला रस कधीच स्थिर होत नाही. एका क्षणाचं चित्र धरून बसू नकोस, बराच काळ चालवून सरासरी काढ.

पुढच्या पत्रात चित्रं नकोत. हीटरची पॉवर, भट्टीच्या भिंतींतून जाणारी उष्णता आणि सीमेवरचा उतार, हे तीन आकडे पाठव. मी वाट पाहतोय.

तुझा,
सर