दाळ मिलसाठी सहकारी संस्था नोंदवायची असल्यास शुल्क किती, आणि दरवर्षी काय भरावे लागते?

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावच्या बारा शेतकऱ्यांना दाळ मिलसाठी सहकारी संस्था नोंदवायची आहे आणि त्याकरिता शासनाला सुरुवातीला किती व पुढे दरवर्षी किती द्यावे लागेल, असे आपण विचारले आहे. मी गटसचिव म्हणून अनेक वर्षे सेवा सहकारी संस्थांची दप्तरे सांभाळली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, नोंदणी शुल्क हा या खर्चातला सर्वांत किरकोळ भाग आहे. लहान संस्था डबघाईला येतात त्या नंतरच्या वार्षिक कामांमुळे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. त्यामुळे आपल्या बारांमध्ये नवरा-बायको अशी एकाच कुटुंबातील नावे आहेत का, ते आधी तपासावे. मुख्य प्रवर्तक (संस्था उभी करण्याची जबाबदारी घेणारा) निवडून, तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकार खात्याचा नोंदणी अधिकारी) कार्यालयातून नाव आरक्षित करून आणि बँकेत खाते उघडण्याची परवानगी घेऊन भागभांडवल जमा करायचे, आणि मग उपविधी (संस्थेचे नियम), सभासदांची यादी व बँकेचा शिल्लक दाखला जोडून प्रस्ताव सादर करायचा. शुल्क चलनाने कोषागारात जमा होते. ज्या रकमेचे चलन निघत नाही ती रक्कम शुल्क नव्हे, मग मागणारा काहीही म्हणो.

खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. ३१ मार्चला वर्ष संपले की चार महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण व्हावे लागते आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतील (यादीतील) असावा लागतो, त्याची नेमणूक सभेत ठरावाने होते आणि त्याचे शुल्क संस्थेच्याच खात्यातून जाते. निबंधकाकडे वार्षिक विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणात निघालेल्या त्रुटींचा दोष दुरुस्ती अहवालही द्यावा लागतो. दाळ मिलमध्ये तर तुरीच्या हंगामात दारात बंड्यांची रांग लागलेली असते, माल मोजून घेतला जातो, आणि काटापट्ट्या (वजनाच्या चिठ्ठ्या) कोणाच्या तरी खिशातच राहतात. जुलैत साठा नोंदवही आणि रोकड पुस्तक जुळत नाही, ते त्यामुळे. म्हणून हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे मानधन खर्चात पहिल्याच वर्षापासून धरावे. बहुतेक प्रवर्तक नेमके तेच विसरतात.

याशिवाय सहकार शिक्षण व प्रशिक्षण निधीचे वार्षिक अंशदान द्यावे लागते, आणि पाच वर्षांनी व्यवस्थापन समितीची मुदत संपली की राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होणाऱ्या निवडणुकीचा खर्चही संस्थेलाच सोसावा लागतो. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, पण तो शासनाला द्यायचा पैसा नाही, संस्थेचाच आहे. गावात याबाबत फार गैरसमज असतो.

सहकारी संस्थेऐवजी शेतकरी उत्पादक कंपनी (कंपनी कायद्याखाली नोंदलेली शेतकऱ्यांची कंपनी) स्वस्त पडते, असेही कोणी सांगेल. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असल्यास कंपनी निबंधकाचे नोंदणी शुल्क शून्य असते हे खरे, परंतु मुद्रांक शुल्क आणि सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवाचे मानधन सुटत नाही. शिवाय ताळेबंदाचा आणि वार्षिक विवरणपत्राचा नमुना मुदतीत न भरल्यास प्रत्येक नमुन्यामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते; दोन्ही नमुने वर्षभर राहिले तर हा आकडा ७३,००० रुपयांवर जातो. बारा जणांच्या गटाला मला ही वाट परवडणारी वाटत नाही.

सध्या फक्त आपल्याच शेतातल्या तुरीची दाळ करून विकायची असेल, तर कृषी विभागाच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन) यंत्रणेकडे शेतकरी गट म्हणून नोंद करून एक हंगाम चालवून पाहावा. बाहेरच्यांची तूर घ्यायची, मोठे कर्ज उचलायचे, यंत्रे संस्थेच्या नावावर घ्यायची असे ठरले की मगच सहायक निबंधक कार्यालयात जावे, आणि जाताना हिशेब कोण लिहिणार त्याचे नाव नक्की करून जावे.